आठवा प्रश्न

रुग्ण क्रमांक सत्तेचाळीस. घोरपडे, इंदुमती.
दांडिया बाजार, दुसरा मजला.
चौथ्या-पाचव्या मणक्यात चार स्क्रू, दोन सळया,
आज दोन वर्षं झाली.

किती चालता?
"खंडेराव मार्केटपर्यंत. येताना पिशवी नातू धरतो."
किती वेळ उभ्या राहता?
"ढोकळ्याची एक थाळी उतरेपर्यंत."
मी मिनिटं लिहिते.

आठव्याला माझाच आवाज खाली गेला.
"तो सोड गं," म्हणाल्या.
सगळ्याच सोडतात. आमच्या तक्त्यात
तो रकाना खालपर्यंत पांढरा.

जिना उतरले, स्कूटरला किल्ली लावली
तर फोन.
"ऐक. आठव्याचं.
ऑपरेशनआधी हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे,
मला धक्का लागेल म्हणून.
आता टाक्यांच्या रेघेवर तळवा ठेवतात.
गार असतो, थंडीत तर फारच.
मी हलत नाही.
कुठे बसतं ते तूच बघ."

शून्य ते पाच. सहा चौकटी.
सीटवर फाइल उघडून मी दोनदा वाचल्या,
मग समासात लिहिलं: तळवा, गार.

सर विचारतील, याला आकडा काय द्यायचा.
मागे रिक्षावाला हॉर्न देत होता,
"बेन, खसो ने जरा."