भरलेला बार

परवान्यावर आधी सासऱ्यांचं नाव होतं,
मग यांचं,
आणि खाली बारक्या अक्षरात, रखवालदार म्हणून माझं:
रेवंता मुखरू नागोसे.
तहसिलातला बाबू म्हणाला, बाई, तुम्ही बंदूक चालवणार?
मी म्हटलं, भरणार. चालवायला हे आहेत.

डेअरीचे चौदाशे आले होते, तेवढ्यातच बसवायचं होतं.
एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट,
म्हणून नागपूरला मीच गेले.
दुकानदारानं परवाना तीनदा उलटून पाहिला,
वहीत अंगठा मागितला, मी सही केली.
थोडी दारू, टोप्यांची एक डबी,
आणि परतताना पोरीसाठी दोन संत्री.

तराजू नवरगावच्या सोनाराचा, मोडीत निघालेला,
एका पारड्याला दोरा बांधलेला.
वजनं नव्हती.
विस्तारी कोडापे म्हणाला, "रानात गुंजा हायेत ना बाई."
किती गुंजा, ते इथं लिहीत नाही.
ते ज्याच्या त्याच्या नळीचं असतं
आणि विस्तारीनं मला शपथ घातली आहे.

विस्तारीच्या उजव्या हाताला दोनच बोटं.
"तीन घाईत गेली."
पहिला धडा एवढाच.
मग, चूल विझल्याबिगर डबा उघडायचा नाही.
मग, मोजताना कुणी हाक मारली
तर ओ द्यायची नाही,
आणि दिलीच, तर पहिल्यापासून मोजायचं.
पोरगी दारात उभी, आई, भूक.
मी पहिल्यापासून मोजते.

चिंधी सासऱ्यांच्या धोतराची.
माणूस जाऊन सहा वर्षं झाली,
धोतर अजून जागलीला जातं.

छर्रे महाग, तिथं हात आखडला.
डुकराला आवाज पुरतो.
मारायचं तर वनखात्याचा कागद लागतो,
आणि कागद येईपर्यंत
धान कापून, बांधून, चुरून होतं.

त्या वर्षी मात्र कागद वेळेवर आला.
धान निसवलं होतं. छर्रे आणले, मोजून भरले.
त्याच संध्याकाळी भाऊबंदांपैकी सोमेश्वर
धुरा फोडून बोडीचं पाणी
आपल्या बांधीत वळवून गेला.

हे जेवले नाहीत.
खुंटीकडे बघत बसले.

भरायचं मला शिकवलं होतं.
उतरवायचं कसं, विचारलं तेव्हा
विस्तारी बिडी विझवून म्हणाला होता,
"भरला बार घरात ठेवत नाही बाई.
त्याले मागून दार नसते."

मी खुंटीवरून काढली.
कुठं, म्हणाले.
डुकरं आली, म्हटलं.

डुकरं नव्हती.
बोडीच्या पाळीशी गेले,
ओल्या मातीत नळी रोखली,
आणि खांद्यावर कुणीतरी लाकूड हाणलं.
दोन वर्षं भरत होते,
धक्का कसा असतो ते ठाऊक नव्हतं.
बगळे उठले सगळे,
अंधारात त्यांना परत फांदी सापडेना.

घरी आले तर हे जेवत होते.
गार भात, वरून तेल.
काही बोलले नाहीत. मीही नाही.

सकाळी सोमेश्वर धुऱ्यावर उभा, फावडं टेकून.
"वहिनी, राती बार आयकला. डुकरं होते काय?"
"होतं एक."
तो धुरा बुजवायला आला होता
की अजून फोडायला,
मला अजून कळलेलं नाही.

गज पुसला, तेल लावलं.
गुंजा मोजल्या, एक कमी.
पुन्हा मोजल्या.
पोरगी चिंध्यांची बाहुली घेऊन बसलेली,
बाहुलीला एक डोळा आला होता,
लाल, त्यात काळं,
आणि तो माझ्याकडेच बघत होता.