गुरुवारचा एक

सायकली मोजणं हे माझं काम.
लोक हसतात. हसोत. पगार वेळेवर होतो.

ऑर्हुसच्या पुलावर डांबराखाली तार पुरलीय,
वरून सायकल गेली की आकडा एकानं सरकतो.
सकाळी सात ते नऊ इतका भराभर
की वाचेपर्यंत शिळा होतो.
अठरा हजार चारशे बारा. मंगळवार, भुरभुर पाऊस.
त्यातली एक मी, पिशवीत डबा, चष्म्यावर थेंब.
मी नसते तर अठरा हजार चारशे अकरा.
पुलाला त्याचं काय.

तसलीच एक तार पार पश्चिमेला,
नॉरहेडेच्या वाटेवर.
तिथे आधी दुकान मिटलं, मग शाळा,
आणि सगळं मिटून झाल्यावर
सायकलींसाठी वेगळी वाट बांधली, गुळगुळीत.
वारा समुद्रावरून येतो, अडवायला झाड नाही.
तिथला आकडा रोज दोन.
सहा पंचावन्नला एक, तीन चाळीसला एक.

ट्रोल्स म्हणाला, काढून टाक तो रकाना,
दोन म्हणजे शून्यच,
आलेखाची रेघ जमिनीवरून उठतच नाही.
मी म्हटलं, राहू दे.
खरं तर मला त्या दोनची सवय लागली होती.
कॉफी निवायच्या आत आधी तेच उघडायचे.
हिमात सात मिनिटं उशीर.
जूनमध्ये एकदा परतीला रात्रीचे अकरा,
आणि मी उगाच खूश दिवसभर.

मग एका गुरुवारी: एक.
शुक्रवारी शून्य.
शनिवार-रविवार शून्यच असतं, ते सोडा.
सोमवारी शून्य.

पुलावर चारशे कमी भरले
तर आपण म्हणतो, सर्दीची साथ.
इथे एक जण गेला
आणि आलाच नाही.

मंगळवारी ऑफिसची मोटार काढली.
सायकल शोधायला मोटार. दीड तास.
बसच्या थांब्याला टेकून उभी होती ती,
निळी, बिनकुलपाची, चाकांत हवा ठणठणीत.
मी नको नको ते मनात आणत चार किलोमीटर पुढे, गावात.

पहिल्याच दाराशी दोर्ते, हाताला पीठ.
"आस्गरची ना? अहो, गुरुवारी पंधरा पूर्ण झाली त्याला!
बाप थांब्यावरच मोपेड घेऊन उभा, फीत बांधून.
तेव्हापासून पोरगं हवेत आहे."
मोपेड तारेच्या हिशेबात नाही.
"येताना वारा तोंडावर, रोजचा. तुम्ही चालवाल?"

माझं ऑफिस घरापासून दोन किलोमीटर. उतारावर.

"शिकायला तिकडं येईल तेव्हा चालवेल पुन्हा,"
हात पुसत ती म्हणाली,
"तिकडं सगळेच चालवतात."
चालवेल. माझ्या पुलावरून रोज जाईल,
आणि मला कळायचं नाही.

सायकल आणायची तेवढी राहिली होती.
मी आणते म्हटलं.
सीट माझ्या मानाने उंच, पाय जेमतेम पोचत होते,
आणि वारा, दोर्ते म्हणाली त्याहून वाईट:
मध्ये एकदा उतरून ढकलली, कुणी बघत नव्हतं.
तारेपाशी मात्र परत चढले.

दुसऱ्या दिवशी ट्रोल्सने रकान्यावर बोट ठेवलं.
एक? आता हा कोण?

गुरुवारचा, मी म्हटलं.
यायला जरा उशीर झाला त्याला.