साडेसहा मिलिमीटर

म्हापशात, काजूच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर ओफेलिया मिनेझिसनी माझ्या हसण्याला पट्टी लावली.
"हास बाये. आणखी. घरी हासतेस तशी."
घरी मी कशी हसते, मलाच ठाऊक नव्हतं.
मधे हात असतो.

"साडेसहा," त्या म्हणाल्या,
आणि मदतनीस मुलीनं लिहून घेतलं
फणसाचं वजन लिहावं तसं.

आतेभाऊ म्हणायचा, हसली बघा, कलिंगड चिरलं.
लग्नाच्या अल्बमात एकशेबारा फोटो,
सगळ्यांत ओठ मिटलेले,
जणू शेजारणीच्या लग्नाला आलेय, तेही आहेर विसरून.
नवरा म्हणतो, मला तर कधी दिसलंच नाही.
प्रेमानं म्हणतो की खरंच,
अकरा वर्षांत विचारायचं राहिलं.

बाळाच्या बोळक्याचे तर सगळेच पापे घेतात.
दात आले की हिरडीनं मागं सरायचं,
एवढा साधा करार
माझ्या तोंडात कुणी पाळला नाही.

डॉक्टरांनी कागदावर तीन तोंडं काढली.
हिरडी छाटता येते, लेझरनं, अर्ध्या तासात.
"पण तुझे दात आखूड नाहीत. कापलं तर मुळं उघडी पडतील."
वरचा जबडाच कापून वर सरकवता येतो.
बांबोळीला भरती, पट्ट्या, स्क्रू, महिनाभर पातळ जेवण.
मी खुर्चीचा हात घट्ट धरला.
तिसरं तोंड: ओठाच्या आतली एक चिरी काढायची,
ओठ थोडा खाली शिवायचा, की तो फार वर जात नाही.
वाढत्या पोरीचा परकर सोडतात, तसंच की.
"वर्षांनी पुन्हा थोडा चढेलही," त्या म्हणाल्या. "ओठाला सवय असते."

टाके पडले. गार पेज. मीठसुद्धा बेतानं.
आणि दहा दिवस हसायचं नाही.
चौतीस वर्षं दुसरं काय केलं मी?

सातव्या दिवशी कामावर गेले.
नोंदणी कचेरीत मी फोटो काढते,
विकणाऱ्यांचे, घेणाऱ्यांचे. इकडं बघा, हलू नका.
हळदोण्याचे कायतान, ऐंशीच्या पुढचे, भाटाचा तुकडा विकायला आलेले.
कॅमेऱ्यासमोर बसले आणि काय वाटलं कोण जाणे,
कवळी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली.
"हे दात म्हजे न्हय गे. सरकारी कागदार फट कित्याक?"

आणि उघड्या हिरड्यांनी, सगळ्याच्या सगळ्या,
कॅमेऱ्याकडं बघून हसले.

मी माऊसवरचा हात उचलेपर्यंत उशीर झाला होता.
उजवीकडं काहीतरी तटकन तुटलं.
जिभेला रक्ताची चव, डोळ्यांत पाणी,
आणि फोटो? तो तेवढ्यात निघालाच. अजून त्या दस्तावर आहे.

"काय केलंस?" डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला.
मी सांगितलं.
त्यांनी मास्क लावलेला होता, पण खांदे हलत होते.
नवा टाका नीटसा बसला नाही.

आता मी उजवीकडून
किंचित जास्त हसते.