चार बोटं

सर्टिफिकेट मी प्लास्टिकच्या फोल्डरातून नेलं होतं.
इसंबर मिस्त्रींनी ते उन्हाकडं धरलं, मागूनही बघितलं.
"कागद चांगलाय. जाड हाय.
रंध्याच्या पात्याखाली द्यायला चालतोय."
आणि माझ्या हातात झाडणी दिली.

नऊ दिवस मी भुसाच झाडला.
मग एकदा खाली मान घालूनच विचारलं त्यांनी,
काल आंबूस वास कशाच्या भुशाला होता?
मी म्हणाले, बाभळीच्या.
"चिंचंच्या. बाभूळ तुरट. उद्या परत झाड."

उदगीरच्या किल्ल्याकडं जाणारी गल्ली, पत्र्याचं शेड,
एप्रिलात पटाशीचं पातं हाताला चटके द्यायचं.
तिथं कळलं,
खिळा ठोकण्याआधी त्याचं टोक हातोडीनं बसवायचं;
टोकदार खिळा लाकूड फाडतो,
बोथट आपली वाट चेपत जातो.
("शहाण्यानं टोक दाखवू नाही," मिस्त्री म्हणायचे
आणि त्याच तोंडानं गिऱ्हाइकाशी भांडायचे.)
करवत रेघेवरून न्यायची नाही,
रेघेला खेटून, टाकायच्या बाजूनं.
रेघ फळीवर दिसली पाहिजे शेवटपर्यंत.
ओल्या ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना शेण लिंपायचं,
नाहीतर ते तोंडाकडूनच आधी वाळतं, तडकतं.
स्क्रू आडला तर जोर नाही, साबण.
उलटा रंधा मारला की फळी
केस ओढलेल्या पोरीसारखी ओरडते.
हे शेवटचं मला कुणी सांगितलं नाही. मी ऐकलं.

पॉलिशला पलीकडच्या घरातून जैतुनबी यायच्या.
स्पिरिटात रात्रभर विरघळलेली लाख, जुन्या बनियनचा बोळा.
"हात थांबवू नको माय. थांबला की डाग.
शिंक आली तर शिंक, पण हात फिरता ठेव."
मी शिंकले. डाग पडला.
तो स्टूल अजून त्यांच्याच दारात आहे.

दसऱ्यानंतर पहिलं स्वतंत्र काम मिळालं:
भजनी मंडळाच्या हार्मोनियमला सागवानी खोकं.
मिस्त्रींकडं टेप होता, खुंटीला टांगलेला.
पेटीवर हात पालथा ठेवत त्यांनी मापं सांगितली,
लांबी तीन वीत चार बोटं, उंची वीतभर आणि वर चार.
मी माझा हात त्यांच्या वितीला जुळवून घेतला,
बोटं मात्र माझीच चार मोजली.
कुसू अशी बसली की मोगरीची गरज पडली नाही.

पेटी आत ठेवली तर आत खुळखुळली.
मिस्त्री माझ्या हाताकडं बघत राहिले,
मग आपल्या डाव्या हाताकडं,
जिथली करंगळी सॉमिलनं कधीच नेली होती,
आणि खोकला लागेपर्यंत हसले.
"आगं, माझी चार म्हंजे तीनच की!
चाळीस वर्सं झाली, कुणी इचारलंच नाही."
डोळे पुसत म्हणाले,
"ढिलं झालंय ते बरं. नमदा लाव आतून, टेंपोत आपटायची नाही पेटी.
घट्ट झालं असतं तर चुलीत घालायचं होतं."

आता माझं दुकान निलंगा रोडला आहे.
प्लाय कापायचं मशीन आहे, खिशात टेप असतो.
एक बाभळीची काठीही आहे,
मिस्त्रींनी हात टेकवून खाचा पाडून दिलेली:
एका अंगाला त्यांची वीत, दुसऱ्या अंगाला त्यांची चार बोटं.
गावातून कुणी जुनं कवाड दुरुस्तीला आणतं,
टेप लावला की आकडे वेडेवाकडे येतात,
पाच फूट आठ इंच आणि वर एक सूत, कुठं दोन.
गिऱ्हाईक म्हणतं, कुणा अडाण्यानं केलंय.
मी काठी लावते.
नऊ विती, चार बोटं.
एक सूतही उरत नाही.