सशांसाठी

रॉदरहॅमच्या बाजारात शनिवारी, चारनंतर,
क्लाइव्ह फ्लॉवरचे गड्डे सोलत बसतो.
पाला पायाशी पडतो, ओला, जाड देठांचा.
"सशांसाठी का?" त्यानं पहिल्या वेळी विचारलं,
आणि मी हो म्हणून बसले.

तेव्हापासून पिशवी भरून ठेवतो.

घरी देठ बारीक चिरायचे, पाला त्याहून बारीक.
तेल मोजून, लसूण मात्र सढळ,
वर बेसन भुरभुरवून पाण्याचा हबका, झाकण.
वाफेवर शिजणाऱ्याला गॅस फार लागत नाही;
मीटरच्या कार्डावर एक पौंड दहा उरलेत,
सोमवारपर्यंत पुरवायचेत.
निहार गोदामातून येतो, कढईच पुढ्यात ओढतो,
खरवड तेवढी माझ्यासाठी सोडतो,
भूक नाही म्हणत.

आज क्लाइव्हनं विचारलं, "नावं काय त्यांची?"
ऐनवेळी काही सुचेना.
म्हटलं, एक निहार. दुसरी मृण्मयी.

तो माझ्या बाहीवरच्या नावाच्या बिल्ल्याकडे
जरा जास्तच वेळ बघत राहिला.
मग पाल्याखाली एक अख्खा गड्डा सरकवला,
वर चार कांदे.

"सशांना कांदा चालत नाही हं,"
म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.