चेंडूकाढ्या

सासऱ्यांचं आडनाव कारखानीस,
पण कारखाना जिन्याखाली,
साडेतीन बाय सहा, ताठ उभं राहिलं की डोकं आपटतं.
एक व्हाइस, दोन कानशी,
आणि बिस्किटांच्या डब्यांत
निवृत्तीनंतरचा सगळा वेळ
स्प्रिंगांच्या मापाप्रमाणे लावलेला.

पंपांच्या फॅक्टरीत छत्तीस वर्षं
पाणी वर कसं येईल एवढंच पाहिलं त्यांनी.
आता दांडिया बाजारातून स्कूटर काढतात,
राजवाड्याकडच्या गोल्फच्या कुंपणाला नाक लावतात
आणि पाण्यात काय काय जातं ते मोजतात.
“मंगळवारी चौदा,” पानावर बसून सांगतात,
“आज नऊ. त्यात पंड्या डॉक्टरचे एकट्याचे सहा.”
स्वतः कधी खेळले नाहीत.
काठी त्यांच्या हातात मी पाहिली ती
जळमटं काढायची.

तळ्यात मगर आहे म्हणतात, विश्वामित्रीतून वाट चुकलेली.
कॅडी भीखो म्हणतो, आहे. डॉक्टर म्हणतात, नाही.
उतरत दोघंही नाहीत.

म्हणून चेंडूकाढ्या.
सहा पितळी सांध्यांचा बांबू,
बजाजची क्लचवायर,
टोकाला उघडमीट करणारं जाळीचं तोंड.
(चहाची गाळणी मी तीन दिवस शोधत होते.)
चाचणी न्हाणीघरात. आधी लिंबू,
मग रव्याचा लाडू. तो बादलीत विरघळला,
दोष माझ्या पाकाला लागला.

रविवारी मीही गेले, टॉर्च धरायला,
भर दुपारी टॉर्च कशाला हे न विचारता.
पहिल्या खेपेला चिखल.
दुसऱ्या खेपेला चिखल आणि एक चप्पल.
तिसऱ्या खेपेला चेंडू,
जुन्या दातासारखा पिवळा, वर निळ्या शाईत ‘पं’.
भीखोने टाळी वाजवली.
डॉक्टरांनी चेंडू फिरवून पाहिला,
मागे कोण कोण उभं आहे तेही पाहिलं,
आणि हळूच म्हणाले, “कारखानीस,
हा गेल्या वर्षी तळं ओलांडून गेलाय.
सगळ्या क्लबला ठाऊक आहे.”
आणि परत पाण्यात टाकला.
इतका नेम त्यांचा एरवी बसत नाही.

सासरे नाउमेद झाले नाहीत.
मासा तर आमच्या घरचाच विषय,
गुजरातेत राहून पापलेटासाठी शहर पालथं घालणारं घर.
सायकलच्या घंटीला तराजूचा काटा जोडला,
गळाला ओढ लागली की टण्ण.
वाघोडियाच्या रस्त्यावर एक तळं आहे,
तिथे कालिदास माछी बसतो, बोटाला दोरा गुंडाळून.
त्याने घंटी कानाशी नेऊन वाजवली,
आदराने परत दिली.
“घंटडी तो माछली पण सांभळे, साहेब.
आंगळीनुं कोई ना सांभळे.”

मग त्याने दोरा यांच्या बोटाला दिला.
काय झालं ते मला माहीत नाही.
ऊन कलल्यावर घरी आले, हातात मासा नाही,
तर्जनी जराशी बाजूला धरलेली,
जशी नुकती शाई लावून मत देऊन आलेली.
रात्री जिन्याखाली कानस वाजली नाही.
सासूबाई दोनदा उठून पाहून आल्या.

सकाळी गाळणी ओट्यावर, घासलेली,
दांड्याला एक बिजागरी राहून गेलेली.
आणि माझ्या बोटाला दोरा.
तो स्वयंपाकघरातून माजघरातून
पार जिन्याखाली गेलेला.
“आता?” तिकडून आवाज आला. “कळलं?”
दूध उतू चाललं होतं.
मी म्हटलं, “थोडं.”
पेन्सिल वहीवर चाललेली ऐकू आली.
मग पुन्हा:
“किती थोडं?”