शुद्धिपत्रक

बावीस वर्षं मी या शहराला रंग देते आहे.
पिवळा म्हणजे राहणं, हिरवा म्हणजे शेत,
निळी ती गोदा, तिच्या पूररेषेसकट,
आणि जांभळा : कारखाने.
सातपूरच्या जांभळ्यात जांभळाचं झाड
मी शोधलंय. दिसलं नाही.

आधी शाई होती, ट्रेसिंगचं कापड,
चुकलं की ब्लेडनं हलकेच खरवडायचं.
आता लेयर.
‘वारसा’ नावाचा लेयर बंद केला
की त्रिरश्मीचा अख्खा डोंगर जातो,
लेण्यांसकट, पायऱ्यांसकट,
खालच्या उसाच्या रसवाल्यासकट.
पुन्हा क्लिक केलं की येतो,
गेलो होतो हे त्याला ठाऊकही नसतं.

सुनावणीला तीनशे बारा हरकती.
इद्रिस पिंजारी शेडचा नकाशा घेऊन आला,
पाठीमागे अकरा कामगारांच्या सह्या.
“मॅडम, तुमची रेघ माझ्या शेडमधून गेलीय.
ग्राइंडर अलीकडे, प्रेस पलीकडे.
आणि लेथ? तो कुणाकडे?”
मी पट्टी लावली.
रेघेची जाडी अर्धा मिलिमीटर,
म्हणजे जमिनीवर पाच मीटर.
लेथ रेघेच्या पोटात होता.

सुगंधाबाई गांगुर्डे अर्ज न आणताच आल्या.
“दर पौर्णिमेला वर जाते.
भिंतीला हात लावला की आता बोटांना पूड लागते.
यंत्रांनी की वाऱ्यानं, ते तुम्ही ठरवा.
मी फक्त बोटं दाखवायला आले.”
साहेबांनी बोटं पाहिली,
रकान्यात लिहिलं : नोंद घेतली.

रविवारी मी चढले. एकटी, टेप न घेता.
तिसऱ्या लेण्यात खैरनारांचा मुलगा भेटला,
लिपी शिकतो, मान वर करून अक्षरं टिपत होता.
त्यानं बोट न टेकवता वाचून दाखवलं :
राजानं भिक्षूंना शेत दिलं, दोनशे निवर्तनं.
मग सहा वर्षांनी, त्याच भिंतीवर :
ते शेत कुणी कसत नाही, ते गाव वसत नाही,
म्हणून नगराच्या शिवेवरची आमची जमीन, शंभर.
तिच्यात शिपायानं पाऊल टाकू नये,
मिठासाठी कुणी खणू नये.

“निम्मीच?” मी विचारलं. बावीस वर्षांची खोड.
तो हसला. म्हणाला, पलीकडे दहाव्यात चला,
तिथे गोवर्धनच्या विणकरांकडे ठेवलेल्या पैशांचा हिशेब आहे,
व्याजातून भिक्षूंची वस्त्रं व्हायची.
मी मनात म्हटलं, इद्रिसला सांगायला हवं
की माग आणि लेणं
एकाच खतावणीत होते कधीतरी.

पण मी पुन्हा तिसऱ्यातच येऊन उभी राहिले.
त्यांच्याकडे खोडरबर नव्हतं.
चुकलं, तर चुकलेलं तसंच ठेवून
खाली दुसरं कोरलं.
एवढ्या शतकांनी दोन्ही वाचता येतात,
चूकही, आणि चूक कळली तो दिवसही.
आमचं शुद्धिपत्रक निघालं
की जुनं पान शिपाई गोळा करून नेतो.

खाली अंबडला दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला.
मी भिंतीला हात लावला नाही.
लावावासा वाटला, खरं सांगते.

सोमवारी रेघ बारीक केली, मिलिमीटरचा दहावा भाग.
लेथ सुटला, प्रेस अडकला.
जुनी रेघ पुसली नाही,
तुटक ठिपक्यांत ठेवली, शेजारी तारीख.
“हे काय?” साहेब म्हणाले.
“आधीची रेघ.”
“काढून टाका.”
“राहू द्या ना. कुठे चुकलो ते दिसेल.”
साहेबांनी चष्मा पुसला, बराच वेळ,
आणि सही केली. की कंटाळून केली, कोण जाणे.

इद्रिस परवा आला होता, प्रेसचं विचारायला.
फाइल मंत्रालयात आहे.
तिथे कुणी उघडलीच तर
तो लेयर चालू आहे की बंद,
ते इथून दिसत नाही.